पलटी झालेल्या गाडीची बॉडी पुन्हा उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याकडे उतरणारे चोर्ला आणि अनमोड, कोकणाकडचे आंबोली आणि तिलारी, महामार्गावरचे तवंदी आणि वंटमुरी हे घाट आपल्या बेळगाव भागात आहेतच. त्यात गळीत हंगामात निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. गाडी पलटी व्हायला आपल्याकडे निमित्त लागत नाही. खालचे प्रश्न गाडीमालक विचारतात, तसेच लहान गॅरेजवालेही विचारतात. उत्तरं मुख्यतः चॅसीवर वेगळी बॉडी बसवलेल्या गाड्या, म्हणजे बोलेरो, पिकअप, सुमो, वडापची ट्रॅक्स, डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत. कारचं काम जिथे वेगळं पडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

गाडी सरळ केली. आता सेल्फ मारून बघू का?

नको. पलटीनंतर सगळ्यात महागडी चूक हीच. गाडी उलटी असताना चेंबरमधलं ऑइल पिस्टनच्या रिंगांवरून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून आणि ब्रीदरच्या पाइपातून सिलिंडरमध्ये आणि हवेच्या मार्गात शिरतं. ऑइल दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन त्या ऑइलवर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पत्र्याच्या कामात इंजिनचं काम वाढतं ते असं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अ‍ॅसिड सांडलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्या जागेवर ओता. फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा, मग धुवा. पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे हीटर प्लग काढा. कॉमन रेलचे इंजेक्टर विनाकारण उघडू नका. आता क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या भोकांतून ऑइल उडेल, म्हणून वर फडकं धरा आणि तोंड बाजूला ठेवा. मोकळं फिरलं तरच पुढे जायचं.

डिझेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट करायची. एअर फिल्टरचा डबा, टर्बोचे पाइप आणि इंटरकूलर काढून आतलं ऑइल पूर्ण निथळू द्या. ते राहिलं तर इंजिन चालू होताच स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. पहिल्यांदा चालू करताना एक माणूस जाड फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा ठेवावा. इंजिन पळालंच तर फळी दाबून हवा तोडायची; हात लावायचा नाही. ऑइल आणि फिल्टर नवीन टाका. गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगची लेव्हलही बघा, कारण तिथलंही ऑइल ब्रीदरमधून गळतं.

क्रेनवाल्याला आणि टोचनवाल्याला काय सांगायचं?

पलटी हा शब्द कानडीतही तोच आहे, त्यामुळे काय झालं ते फोनवर समजावायला अडत नाही. अडतं ते पट्टा कुठे घालायचा यावर. पट्टा चॅसीला किंवा चाकांना घालायला लावा. खिडकीतून पट्टा घालून गाडी उचलली की अपघातातून वाचलेला पिलर क्रेन वाकवते, आणि ते नुकसान नेमकं कशाने झालं हे नंतर कुणाला पटवता येत नाही. गाडी चारही चाकांवर सरळ उभी राहिली तरी ती टोचन करून आणू नका. स्टिअरिंगचा टाय रॉड किंवा व्हील बेअरिंग आतून गेलेलं असू शकतं. घाटात तर फ्लॅटबेडच मागवा. हलवण्याआधी चारही बाजूंचे, टपाचे, आतले आणि मीटरवरच्या किलोमीटरचे फोटो काढून ठेवा.

दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, हे कशावरून ठरवायचं?

टप किती चेपलाय यावरून नव्हे. चेपलेला टप बघून माणूस हबकतो, पण तो फक्त पत्रा आहे आणि बदलता येतो. खरं ठरतं ते चार गोष्टींवर : पुढच्या काचेच्या बाजूचे दोन्ही पिलर, मधला पिलर खाली जिथे सिलला, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीला, मिळतो ती जागा, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा), आणि चॅसी. पिलर वरच्या भागात वाकला असेल तर काम होतं. तो मुळाशी, म्हणजे सिल किंवा फायरवॉलजवळ, घडी पडून फाटला असेल तर बोलेरोसारख्या गाडीला अख्खी बॉडी बदलणंच स्वस्त पडतं. कारमध्ये चॅसी वेगळी नसते, तिथे असं झालं तर थांबावं.

मडगार्ड, बॉनेट, दरवाजे या बोल्टवर बसणाऱ्या वस्तू आहेत. त्यांचा हिशेब शेवटी.

मापं घ्यायला महागडं मशीन नाही. मग?

गवंड्याचं सामान पुरतं. गाडी सपाट कोब्यावर चार स्टँडवर घ्या. चॅसीच्या दोन्ही बाजूंना जोडीने येणाऱ्या जागा निवडा : पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरचे बोल्ट, क्रॉस मेंबरची कारखान्यातली भोकं. दोन्हीकडे मिळून निदान आठ जागा धरा. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा, तो स्थिर होऊ द्या आणि टोकाखाली खडूने फुली मारून नंबर टाका. मग गाडी बाजूला काढा. आता जमिनीवर चॅसीचा नकाशाच पडलेला असतो.

त्या फुल्यांमध्ये कर्ण मोजा. एका चौकोनाच्या दोन कर्णांत ३ मिमीपर्यंत फरक असेल तर चॅसी ठीक समजा. त्याहून जास्त असेल तर ती कैचीत गेली, म्हणजे चौकोन तिरका झाला आहे. प्रत्येक चौकोनाचे कर्ण जिथे छेदतात ते बिंदू निळीच्या सुताने जोडा. सगळे एका रेषेत आले पाहिजेत. एखादा बाजूला पडला तर तिथे चॅसी आडवी वाकली आहे.

ओळंब्याला पीळ कळत नाही. एक कोपरा वर आणि समोरचा खाली गेला तरी जमिनीवरच्या फुल्या जवळपास जागेवरच पडतात. पीळ बघायला पाण्याची लेव्हल नळी वापरा. चारही कोपऱ्यांवर चॅसीपासून पाण्याच्या रेषेपर्यंतची उंची मोजा. पुढे डावी-उजवी सारखी आणि मागे वेगळी आली की चॅसी पिळली आहे. पलटीत पीळच जास्त दिसतो, कारण गाडी बहुधा एका कोपऱ्यावर आदळते.

वरच्या डब्यासाठी काचेच्या चौकटीचे दोन कर्ण, प्रत्येक दरवाजाच्या चौकटीचे दोन कर्ण, आणि गाडीच्या आतून डाव्या पिलरच्या खालच्या टोकापासून उजव्याच्या वरच्या टोकापर्यंतची फुली मोजायची. टेप वाकतो, म्हणून आतली मापं एकात एक सरकणाऱ्या दोन अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांनी घ्या. मूळ आकडा काय असावा असा प्रश्न पडला तर त्याच मॉडेलची, अपघात न झालेली गाडी गाठून मोजा. गावात एखादी बोलेरो मिळणार नाही असं होत नाही.

दरवाजे व्यवस्थित लागतात. म्हणजे पिलर सरळच ना?

नाही. दरवाजाही चौकटीबरोबरच वाकलेला असू शकतो. वाकडा दरवाजा वाकड्या चौकटीत छान बसतो. घोळ उघडा पडतो नवा दरवाजा आणल्यावर. म्हणून ओढकामाच्या वेळी मापाला म्हणून नवा किंवा खात्रीचा सरळ दरवाजा हाताशी ठेवा. फट बघायला ४ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा घ्या आणि चारही बाजूंनी फटीतून फिरवा. कुठे अडकला, कुठे सैल पडला ते खडूने लिहा. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट मिटलेली आणि खाली उघडी दिसली तर टपाची कड अजून आत आहे. बिजागरीत वॉशर घालून ती फट लपवू नका.

वाकलेले पिलर ओढायचे कसे?

नुकसान ज्या क्रमाने झालं त्याच्या उलट क्रमाने. शेवटचा मार आधी काढायचा. पलटीत बहुतेक वेळा वरचा अख्खा डबा एका बाजूला कललेला असतो. तो कल काढण्याआधी एकेक चेप ठोकत बसलात तर सगळं काम दोनदा होतं.

आधी आतून सीट, छताचं कापड, वायरिंग आणि डॅशबोर्ड काढून घ्या. बॅटरी आणि डिझेल टाकी गाडीबाहेर ठेवा. टप अजून कापू नका, कारण ओढताना तोच दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो. मग आतून तिरका हायड्रॉलिक जॅक लावा : खालचं टोक एका बाजूच्या सिलपाशी, वरचं टोक समोरच्या चेपलेल्या कोपऱ्यात. दोन्ही टोकांना बाभळीचा ठोकळा हवाच. नुसता जॅक दाबला तर कोपरा जागेवर राहतो आणि जॅक फ्लोअरमधून खाली जातो. बाहेरून साखळी चॅसीला बांधून दुसऱ्या बाजूने त्याच वेळी ओढ द्या.

दाब थोडा द्या, थांबा, घडीच्या भोवती हलक्या हातोडीने ठोका, पुन्हा थोडा दाब द्या. ठोकण्याने घडीत अडकलेला ताण सुटतो. पत्रा परत येतो, म्हणून २० मिमी हवं असेल तिथे २४-२५ मिमीपर्यंत न्यायचं, जॅक सोडायचा आणि मोजायचं. सोडल्यानंतरचं माप खरं. जॅक लावलेला असताना घेतलेल्या मापावर खूश होऊन जोडकाम सुरू केलं तर जॅक काढताच सगळं मागे जातं.

गरम केलं तर पिलर लवकर सरळ होईल?

होईल, आणि पुढच्या अपघातात तितक्याच लवकर वाकेल. जुन्या साध्या पत्र्याच्या गाडीत घडीच्या शिरेवर तेवढ्यापुरती थोडी आच दिली तर खपतं. अलीकडच्या कारमध्ये मधला पिलर आणि टपाच्या कडा जास्त ताकदीच्या पोलादाच्या असतात. त्यांची ताकद कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि गॅसच्या कटरने ती जाते. असा पिलर गरमही करायचा नाही, ओढून सरळही करायचा नाही; कंपनीच्या पद्धतीने बदलायचा. साधा पत्रा की भारी, हे ओळखायची एक खूण अशी की साध्या ड्रिल बिटने कारखान्याचे स्पॉट वेल्ड सोडवताना भारी पत्र्यावर बिट नुसतं चमकत फिरतं, खात नाही.

टप ठोकून काढायचा की नवा टाकायचा?

चेप उथळ असेल आणि कडा शाबूत असतील तर ठोकून निघतो. पण टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा आणि क्षेत्र मोठं. एकदा ताणला गेला की मधे फुगा राहतो : हात दाबला की "टप्" करून खाली, सोडला की वर. त्यावर रुपयाएवढा ठिपका लाल करून लगेच ओल्या फडक्याने दाबायचा, म्हणजे पत्रा आक्रसतो. असे आठ-दहा ठिपके बाहेरून आत गोल फिरत घेता येतात. त्याहून जास्त लागत असतील तर तो टप सोडा. मजुरीत नव्या टपाचे पैसे जातात आणि वर लांबीचा (पुट्टीचा) थर बसतो.

टप बदलायची वेळ पिलर मापात आल्यानंतरची. पन्हळीतले कारखान्याचे स्पॉट ८ मिमीच्या स्पॉट कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरते काढा. खालची कड शाबूत राहिली पाहिजे. ग्राइंडरने सरसकट कापलं तर खालची कडही जाते आणि नवा टप बसवायला जागाच राहत नाही. कड साफ करून दोन्ही बाजूंना वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मारा. नव्या टपाच्या कडेला ८ मिमी भोकं पाडा. ती मूळ स्पॉटांपेक्षा कमी नसावीत. टप नुसता क्लॅम्पवर ठेवा, पुढची काच आणि दरवाजे बसवून बघा, आणि तेव्हाच वेल्डिंगला हात घाला.

आडव्या पट्ट्या आणि टप यांच्यात कंपनी मऊ मॅस्टिकचे गोळे ठेवते. बरेच जण ते विसरतात. मग गाडी साठच्या वर गेली की टप ढोलासारखा घुमतो, आणि मालक इंजिनमध्ये आवाज शोधत बसतो.

गॅस वेल्डिंगने किंवा पितळेने जोडलं तर काय बिघडतं?

गॅसची उष्णता पसरते. टपावर लाट येते आणि जोडाच्या बाजूचा पत्रा कडक होऊन तिथे चीर जाते. पितळेचा जोड दिसायला गुळगुळीत, पण पिलरचा ताण त्याला पेलत नाही. शिवाय एकदा पितळ लावलं की त्यावर नंतर सीओटू वेल्डिंग धरत नाही. ती सगळी जागा कापून काढावी लागते.

सीओटू मशीनला ०.८ मिमीची तार वापरा. पातळ पत्र्याला ४० ते ६० अँपिअरच्या आसपास, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर. आपल्याकडची बरीच गॅरेजं उघड्या शेडमध्ये आहेत. वाऱ्याने गॅस उडाला की जोडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडते. आडोसा करा. सलग ओढू नका. २०-२५ मिमी टाका घाला, मग लांब दुसरीकडे जा.

गाडीवर हात घालण्याआधी त्याच जाडीच्या दोन पट्ट्यांवर एक भोक भरून बघा. थंड झाल्यावर एक पट्टी शिकंज्यात धरा आणि दुसरी पक्कडीने उपटा. एका पट्टीला भोक पडून दुसरीवर पत्र्याचं बटण चिकटून राहिलं तर सेटिंग बरोबर. वेल्डिंग नुसतंच सुटून आलं तर करंट वाढवा. टपावर असे साठ-सत्तर टाके पडतात, आणि एकदा पेंट झाला की त्यातला एकही तपासता येत नाही.

पिलर मधेच कापून दुसरा जोडता येतो का?

साध्या पत्र्याच्या गाडीत येतो, पण जागा चुकवू नका. बेल्टच्या वरच्या बोल्टजवळ, बिजागरीजवळ आणि कुलपाच्या कड्याजवळ जोड नको. आतला आणि बाहेरचा पत्रा एकाच रेषेत कापायचा नाही. दोन कापांत निदान ५० मिमी अंतर ठेवा. आत १०० मिमी लांबीची पत्र्याची बाही घाला, अर्धी खाली अर्धी वर, आणि दोन्हीकडे ८ मिमी भोकांतून तिला टाके द्या. जोडात २ मिमी फट ठेवा, म्हणजे वेल्डिंग बाहीपर्यंत उतरतं. टोकाला टोक चिकटवून वरून फिरवलेली शिवण ग्राइंडर मारल्यावर निम्मी उडते, आणि नेमकी हीच पद्धत सगळीकडे दिसते.

भंगारातला टप किंवा अख्खी कापलेली बॉडी स्वस्त मिळते. घ्यावी का?

पत्रा बघून घ्या. गोव्याच्या किंवा कोकणपट्टीच्या गाडीची असेल तर पन्हळ, काचेची चौकट आणि सिलची आतली बाजू स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्लेला असतो आणि वरचा पेंट तुकतुकीत. अथणीकडच्या गाड्यांत सिलमध्ये काळी माती साचलेली मिळते. ती ओल धरून ठेवते, त्यामुळे खालून वर गंज चढतो. आणि ती बॉडीसुद्धा अपघातातलीच असू शकते. कर्ण मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे दिल्यावर पक्की पावती घ्या, तिच्यावर मूळ गाडीचा नंबर असावा.

चॅसी सरळ आहे, तरी गाडी तिरकी का चालते?

पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला असतो. गाडी पलटून चाकांवर आदळली की मागचा अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो आणि यू-बोल्ट वरून घट्टच दिसतात. दोन्ही बाजूंना पुढच्या ते मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ५ मिमीहून जास्त फरक आला तर आधी हा बोल्ट बघा. मग टाय रॉड, नकल आणि रिम. बॉडी माउंटची रबरंही बघून घ्या. फाटलेल्या रबरावर बॉडी बसवली की ती चॅसीवर एका बाजूला सरकून बसते, आणि बंपरची फट काही केल्या जुळत नाही. अलाइनमेंट या सगळ्यानंतर करायची.

नवी काच बसवली आणि आठ दिवसांत तडकली. काच खराब होती का?

बहुतेक वेळा चौकट खराब असते. कर्णांत फरक राहिला की काच एका कोपऱ्यावर ताणलेली बसते. सपाट रस्त्यावर काही होत नाही, जांबोटीच्या पुढे खड्डे लागले की कोपऱ्यातून चीर निघते. चीर कोपऱ्यातून निघाली असेल आणि दगडाचा ठिपका नसेल तर चौकट मोजा.

रबरात बसणाऱ्या काचेला पद्धत जुनीच. काचेभोवती रबर चढवा, रबराच्या खाचेत सगळीकडून सुतळी घाला, दोन्ही टोकं आत खालच्या मध्यावर ठेवा. साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबत जायचं, दुसऱ्याने आतून सुतळी काचेच्या मध्याकडे ओढत जायची. सुतळी निघते तशी रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवरून आत पलटते. जोर लावावा लागला तर थांबा. कड वाकडी आहे किंवा वेल्डिंगचा खडा राहिलाय.

चिकटवायच्या काचेला चौकटीवर ओरखडा पडलेली प्रत्येक जागा प्रायमरने झाका, नाहीतर पीयूच्या (काच चिकटवायच्या पॉलियुरेथेनच्या) खालून पत्रा गंजतो. पीयू हवेतल्या ओलीवर वाळतं, त्यामुळे कोरड्या थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेआधी गाडी बाहेर काढू नका.

लांबी किती जाडीची चालते?

२ ते ३ मिमी. त्याच्यावर गेली की फुटते, आणि घाटात पिळणाऱ्या पिलरवर तर नक्कीच फुटते. हार्डनर साधारण २ टक्के. लवकर वाळावं म्हणून जास्त घातला तर पेंटमधून पिवळा डाग वर येतो. आधी उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी. ८० नंबरच्या पेपरने आकार, १८० ने सफाई, सरफेसर, मग ८०० ने पाण्याची घासाई. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर सीम सीलर, आणि पिलर-सिलच्या आत मेण. आतून मेण न मारलेला जोड दोन पावसाळ्यांत तांबडा होतो.

पावसाळ्यात पेंटचं काम करावं का?

अथणी-रायबागकडे उघाडीत जमतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर टाळा. उघडा पत्रा एका रात्रीत गंजाचा पातळ पदर धरतो, आणि लांबी पाणी पिते. भर पावसात घासलेली, वरून कोरडी दिसणारी लांबी मार्चच्या उन्हात फोड काढते. गाडी लागणारच असेल तर तोवर एपॉक्सी प्रायमरवर चालवा, दिसायला राखाडी का असेना. सरफेसरवर चालवू नका. तो पाणी झिरपू देतो.

एअरबॅग उघडल्या नाहीत. बेल्ट तेच ठेवू?

पलटीत पुढच्या एअरबॅग उघडतीलच असं नाही. त्या समोरच्या धडकेसाठी असतात. उघडल्या असतील तर बॅग, कंट्रोल युनिट आणि टेन्शनर कंपनीच्या सांगण्याप्रमाणे बदला. दिवा विझवून मिळतो म्हणून विझवू नका. अपघाताच्या वेळी माणसाने घातलेला बेल्ट, मग तो साधा असला तरी, बदलायचा. पट्टी एकदा ताणली की पुन्हा तसा झटका घेत नाही.

विम्यात किती मिळेल?

नेहमीच्या पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांची रेषा. त्याच्या आत असेल तर घसारा कापून पैसे मिळतात : रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य. लोखंडी भागांवर गाडीच्या वयानुसार. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. सात वर्षांच्या बोलेरोला २० हजारांचा टप लागला तर ८ हजार तुमचे. पेंटच्या बिलातला चौथा हिस्सा मटेरियल धरून त्याचा निम्मा कापतात.

पिकअपवाल्यांनी पॉलिसीत आयएमटी-२३ हे जादा कलम आहे का ते आज बघा. ते नसेल तर मालवाहू गाडीच्या दिवे, मडगार्ड, बॉनेटची बाजू, बंपर आणि पेंट या गोष्टी धरत नाहीत, आणि पलटीत नेमकं हेच जातं. सौंदत्तीला यात्रेसाठी पिकअपमध्ये माणसं भरून नेताना पलटी झाली तर क्लेम अडकतो.

सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका. टप काढल्यावर आतलं जास्त नुकसान दिसलं तर काम थांबवून त्याला पुन्हा बोलवा. कोल्हापूरच्या एमएच-०९ नंबरची गाडी बेळगावात दुरुस्त केली तरी पॉलिसी चालते, ती देशभर लागू असते.

आरटीओचं काय?

रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. हार्डटॉप गेला म्हणून कापडी टप टाकून मोकळं होता येत नाही. चॅसी नंबर असलेला तुकडा कधीही कापू, घासू किंवा दुसरीकडे जोडू नका. चॅसीच बदलायची असेल तर आधी परवानगी. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम ५५ नुसार १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, कळवायचं असतं. कोल्हापूरकडून पलटीची गाडी घेऊन इकडे उभी करत असाल तर एनओसी आणि हस्तांतराचे २८, २९, ३० नंबरचे फॉर्म घेऊनच पैसे द्या. दुसऱ्या राज्याचा नंबर १२ महिन्यांहून जास्त इकडे ठेवता येत नाही.

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं?

ओढकामाचे आणि वेल्डिंगचे फोटो पेंटच्या आधीच मागून ठेवा. मग पाण्याचा पाइप घ्या. खालून सुरुवात करून वर जा, प्रत्येक सांध्यावर पाचेक मिनिटं, आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला. वरून पाणी सोडलं तर गळती नेमकी कुठून ते कळत नाही. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पिलरवरून फिरवा; जिथे पकड सुटते तिथे लांबी जाड आहे. एक चाक अर्धा फूट उंच दगडावर चढवून चारही दरवाजे उघडून लावून बघा. ५०० किलोमीटरनंतर बॉडी माउंट, यू-बोल्ट आणि बिजागऱ्या पुन्हा आवळून घ्या, आणि काचेचे कोपरे बघा.